यादी जागांची हवी, बायांची नको

(कौटुंबिक हिंसाचाराने पीडित स्त्रियांना साहाय्य करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



संयोजकांनी मला दिलेल्या विषयाचे नाव 'संस्थांमधील ऑनलाईन साधन-सहकार्य' असे आहे. नाव भारदस्त आहे. त्यातला आशय मात्र अगदी घरगुती आहे. एका संस्थेला ठाऊक असलेली गोष्ट दुसरीला ठाऊक नसते, आणि या अज्ञानाची किंमत दोहोंपैकी कोणतीच संस्था मोजत नाही. ती मोजते मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई. ही किंमत कमी कशी करता येईल, आणि ती कमी करण्याच्या भरात त्याच बाईला नव्या संकटात लोटण्याचे पाप आपल्या हातून कसे घडणार नाही, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

रात्री साडेनऊच्या सुमारास एक बाई दोन मुलांना घेऊन लातूरच्या एसटी स्टँडवर उतरली आहे, असे समजा. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अकरा वर्षांचा. हातात एक पिशवी आणि जवळ जेमतेम परतीच्या भाड्यापुरते पैसे. कोणीतरी तिला आपल्यापैकी एकीचा नंबर देते. आपली कार्यकर्ती फोन करायला बसते. पहिला नंबर बंद. दुसऱ्या ठिकाणी पहारेकरी सांगतो, 'मॅडम सकाळी येतील.' 'सखी' केंद्रात जागा आहे. पण तिथे सांगतात की, एवढा मोठा मुलगा आईबरोबर ठेवता येणार नाही, आणि हा अकरा वर्षांचा. चौथ्या ठिकाणी पोलिसांचे पत्र मागतात. पाचवे निवारागृह बंद पडून दोन वर्षे झाली, तरी त्याचा नंबर साऱ्यांच्या डायऱ्यांत अजून नांदतो आहे. साडेअकरा वाजतात. बाई म्हणते, 'जाऊ द्या ताई, सकाळच्या गाडीने परत जाते.' त्याच वेळी सोलापुरात किंवा धाराशिवला मुलग्यासह घेणारी एखादी खोली रिकामी असूही शकते. पण ती रिकामी आहे हे फक्त तिथल्या अधीक्षिकेला ठाऊक. मी 'समजा' म्हटले खरे, पण अशी रात्र न काढलेली कार्यकर्ती या सभागृहात विरळाच असेल.

जी बाई आपल्यापर्यंत येते ती किती उंबरठे ओलांडून येते, याचे भान ठेवले पाहिजे. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने असे नोंदवले की, १८ ते ४९ वयाच्या विवाहित अथवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेली आहे. त्याच सर्वेक्षणात याहून भयंकर आकडा आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली नाही की कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के, आणि त्यांतल्याही बहुतेकजणी माहेरच्या दारापर्यंतच जातात. संस्थेच्या पायरीवर येते ती या साऱ्यातून गाळून उरलेली. तिला 'जागा नाही' असे सांगून परत पाठवणे म्हणजे गावातल्या उरलेल्या साऱ्याजणींना न सांगता बजावणे होय.

आता ही विस्कळीत अवस्था आली कशी? आपल्याकडचे काम थराथरांनी वाढले. १९७६ साली प्रमिलाताई दंडवते यांनी महिला दक्षता समिती उभारली. १९८३ साली दंडविधानात ४९८-अ हे कलम आले. आज ते भारतीय न्याय संहितेत ८५ व्या कलमाच्या रूपाने आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र निघाले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. २०१५ पासून 'सखी' केंद्रे आणि १८१ ही मदतवाहिनी आली. प्रत्येक थर गरजेतून आला आणि प्रत्येकामागे कोणाची तरी झीज आहे. परंतु कोणी पोलीस ठाण्याच्या आवारात, कोणी रुग्णालयात, कोणी जिल्हा कार्यालयाच्या आश्रयाने, तर कोणी परदेशी निधीवर वाढले. एकमेकांशी बोलण्याची सवय कोणालाच लागली नाही. मला तर कधी कधी वाटते की, बाईपेक्षा आपल्या संस्थाच अधिक एकाकी आहेत.

सहकाराची एवढी मोठी परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रात हे व्हावे, ही गंमतच म्हणायची. उसाच्या गाळपासाठी आपण एकत्र आलो. एका रिकाम्या खाटेची बातमी मात्र शेजारच्या जिल्ह्याला कळवू शकलो नाही.

यावर कोणी म्हणेल, हे काम संस्थांचे कशाला? शासनाने करावे. बरोबर आहे, आणि शासनाने ते करावे असे कायद्यातच लिहिले आहे. २००५ च्या कायद्याचे नववे कलम उघडून पाहा. संरक्षण अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत असे स्पष्ट म्हटले आहे की, आपल्या क्षेत्रातील कायदेविषयक साहाय्य देणाऱ्या, समुपदेशन करणाऱ्या संस्था, निवारागृहे आणि वैद्यकीय सुविधा यांची यादी त्याने ठेवावी. म्हणजे आपण ज्या यादीविषयी आज बोलतो आहोत तिची आज्ञा संसदेने वीस वर्षांपूर्वी देऊन ठेवली आहे. परंतु यादी ठेवणारा अधिकारीच कित्येक ठिकाणी दुसऱ्या कामाचा अतिरिक्त भार म्हणून हे पद वाहत असतो. राज्यांनी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमावेत, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये मुदत घालून सांगावे लागले, यावरून काय ते समजावे. तेव्हा शासनाचा पिच्छा सोडायचा नाही, आणि त्याची वाट पाहत हात बांधून बसायचेही नाही.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येते. माहितीची देवाणघेवाण दोन प्रकारची असते, आणि हे दोन प्रकार आपण बेसावधपणे एकात मिसळतो आहोत. पहिला प्रकार साधनांच्या माहितीचा: खाट कोठे आहे, वकील कोण आहे, संरक्षण अधिकारी कोणत्या वारी भेटतो. दुसरा प्रकार बाईच्या माहितीचा: ती कोण, कुठली, कोणापासून पळाली, आज कोठे आहे. पहिली माहिती जितकी पसरेल तितके चांगले. दुसरी एक इंचही पसरता कामा नये.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली तेव्हा हे मिसळणे सुरू झाले. त्या काळात दुसरा इलाज नव्हता. बाई मारणाऱ्याबरोबरच कोंडली गेली होती, प्रवासाला परवाने लागत होते, निवारागृहे नवी माणसे घ्यायला भीत होती. राष्ट्रीय महिला आयोगानेही त्या एप्रिलमध्ये तक्रारींसाठी व्हॉट्सअॅपचा क्रमांक जाहीर केला. कार्यकर्त्यांनी ग्रुप काढले आणि त्या ग्रुपांनी कित्येकींचे प्राण वाचवले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण टाळेबंदी उठली आणि ग्रुप राहिले. आज त्यांवर जे संदेश येतात ते पाहून अंगावर काटा येतो. 'तातडीची मदत हवी' असा मथळा, खाली बाईचे नाव, वय, गाव, नवऱ्याचा व्यवसाय, मुलांची शाळा. आणि कधी कधी सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो. ग्रुपमध्ये दीडशे माणसे. त्यांतला प्रत्येकजण सज्जन आहे असे धरले तरी प्रत्येकाचा फोन घरात कोणाच्या हाती असतो? आपल्या तालुक्यांत सोयरीक किती दूरवर पोचलेली असते हे काय मी सांगायला हवे? ठाण्यातला हवालदार नवऱ्याचा मावसभाऊ निघतो. निवारागृहाचा विश्वस्त सासऱ्याच्या पतसंस्थेत संचालक असतो. दोन संदेश पुढे ढकलले गेले की बाईचा ठावठिकाणा जिथे पोचायला नको तिथे पोचतो.

या प्रश्नाला आधी तोंड दिलेल्यांचा अनुभव पाहू. ब्रिटनमध्ये लंडनच्या चिझिक भागात १९७१ साली मारहाणीने पीडित स्त्रियांसाठीचे पहिले घर उघडले, आणि १९७४ साली अशा घरांचा महासंघ झाला. पुढे त्या चळवळीने इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून निवाऱ्यांची एक सामाईक ऑनलाईन नोंद उभारली. आज तिला 'रूट्स टू सपोर्ट' म्हणतात. कोठे जागा रिकामी आहे, तिथे कोणत्या गरजा भागू शकतात, हे त्या नोंदीत सापडते. मदतवाहिनीवर बसलेली बाई ती उघडते आणि दूरच्या गावातली खोली शोधून देते. नोंद आहे ती खोलीची, राहणारीची नव्हे. आणि निवाऱ्याचा पत्ता जगजाहीर नसतो.

अमेरिकेचा धडा याच्या उलट बाजूने मिळाला. तिथे बेघरांसाठी सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी आपल्याकडे येणाऱ्या माणसांची व्यक्तिगत माहिती एका सामाईक संगणकीय नोंदवहीत भरावी, असा दंडक निघाला. हेतू वाईट नव्हता; एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये, पैसा वाया जाऊ नये, एवढाच होता. मारहाणीतून पळालेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्थांचे म्हणणे वेगळे होते. बेघर माणसाला कोणी शोधत नसते. आमच्या बाईला शोधणारा दारोदार फिरत असतो. अखेर स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याचे २००५ साली नूतनीकरण झाले तेव्हा अशा संस्थांनी त्या नोंदवहीत बाईची ओळख पटेल अशी माहिती भरण्यास कायद्यानेच मनाई केली. त्यांनी आपली नोंद वेगळी ठेवावी आणि वर फक्त बेरजा कळवाव्यात, असे ठरले. तंत्रज्ञानावर एवढा विश्वास असलेल्या देशाला हे ठरवावे लागले, याची आपण दखल घ्यावी.

आपल्याकडेही आता 'एकच पोर्टल, सर्व केसेस' अशी मागणी अधूनमधून ऐकू येते. काही निधी देणारे ती करतात, काही अधिकारी करतात, आणि आपल्यातले काही तरुण सहकारीही करतात. एकच बाई तीन संस्थांत जाते आणि तिन्ही आपापल्या अहवालात तिला मोजतात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण मोजदादीचा हा दोष पुसण्यासाठी बाईला पणाला लावायचे काय? 'केस' हा शब्दच मला खुपतो. बाईने आपली गोष्ट एका माणसाला विश्वासाने सांगितलेली असते. संस्थेने ती सांभाळायची असते, तिची मालकी संस्थेकडे येत नाही. कायद्याप्रमाणे तिला निवारागृहात ठेवल्याचा अहवाल पोलीस ठाण्याला आणि न्यायदंडाधिकाऱ्याला जातो. तेवढे बंधन आहेच. पण त्याच कायद्याखालच्या २००६ च्या नियमांनी असेही सांगितले आहे की, बाईने विनंती केल्यास निवारागृहाने तिची ओळख उघड करू नये आणि जिच्या-ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती कळवू नये. नियमांना कळते ते आपल्या पोर्टलवाल्यांना का कळू नये? २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला खरा. पण त्यात शासनाने स्वतःसाठी सवलतींची इतकी दारे ठेवली आहेत की त्याच्या भरवशावर राहण्यात शहाणपण नाही.

मग यादीत काय असावे? मी तुमच्यापुढे कोरा कागद ठेवणार नाही. जागा किती आणि आज रिकाम्या किती. किती वयापर्यंतचा मुलगा चालतो. रात्री दार उघडते का, आणि कोणाच्या शब्दावर. कोणती कागदपत्रे मागतात. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या बाईजवळ आधार कार्ड नसले तर काय करतात. किती दिवस राहता येते. 'सखी' केंद्रात पाच दिवस, पण सहाव्या दिवशी कोठे? जिना चढता न येणाऱ्या बाईची सोय आहे का. मराठी न येणाऱ्या बाईशी कोण बोलेल. बंजारा तांड्यावरची, बिहारहून लग्न होऊन आलेली, तिचे काय. विधी सेवा प्राधिकरणाचा कोणता वकील खरोखर उभा राहतो. कारण १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हे तिलाच नव्हे तर आपल्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. घटना अहवालाचा नमुना, अंतरिम पोटगीच्या अर्जाचा मसुदा, त्यांची सोप्या मराठीतली फोड; प्रत्येक संस्था हे नव्याने लिहीत बसते, ते एकदाच चांगले लिहून सर्वांनी का वापरू नये?

यादीत निवारागृहाचा पत्ता नसावा. तालुका आणि फोन पुरे. आणि प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची केव्हा तपासली ती तारीख असावी. तारखेवाचूनची यादी ही यादी नसण्याहून वाईट, कारण ती खोटी आशा दाखवते. आपापली ओळ ज्याने त्याने दर सोमवारी पाहावी, आणि न पाहणाऱ्याला फोन करण्यासाठी एक अर्धवेळ, पगारी माणूस असावे. 'पगारी' हा शब्द मी मुद्दाम वापरते. स्त्री-प्रश्नाचे काम म्हटले की ते फुकट व्हावे, अशी आपल्या पुरोगामी वर्तुळातही एक समजूत आहे.

बाईला एका संस्थेकडून दुसरीकडे पाठवायचे तर तो व्यवहार फोनवर व्हावा. एका कार्यकर्तीने दुसरीशी, बाई समोर बसलेली असताना, तिला विचारून. काय सांगू, काय नको, हे तिने ठरवावे. पलीकडून फोन आला की 'अमुक संस्थेतून बोलते' या शब्दावर भागवू नये. यादीतल्या नंबरावर उलटा फोन लावून खातरजमा करावी. बाईच्या फोनवर काही पाठवू नये. त्याच सर्वेक्षणाप्रमाणे स्वतः वापरण्याचा मोबाईल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांजवळ होता आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या तर ३३ टक्केच. ज्यांच्याजवळ फोन असतो त्यांचाही पासवर्ड नवऱ्याला पाठ असतो. तेव्हा ही यादी कार्यकर्त्यांसाठी आहे; बाईसाठी तिचे रूप म्हणजे फोन उचलणारे, बरोबर उत्तर देणारे माणूस.

या यादीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो सर्वांनाच रुचेल असे नाही. 'जागा नाही' या उत्तरामागे काय काय दडते? कधी खरोखरच जागा नसते. कधी आडनाव ऐकल्यावर जागा संपते. बाई मुसलमान आहे, पारधी आहे, एचआयव्हीबाधित आहे, तिचे डोके जाग्यावर नाही, असे कळले की भरलेली नसलेली खोली भरते. आज हे सिद्ध करता येत नाही. सकाळी ज्या निवाऱ्याने दोन जागा रिकाम्या दाखवल्या त्यानेच संध्याकाळी नकार दिला, तर त्याला कारण लिहावे लागेल. त्या कारणांचा महिन्याकाठी हिशेब मांडला की, आपल्या संस्थांच्या भिंतींच्या आत जात आणि धर्म किती सुखाने राहतात ते दिसेल. काही संस्था यादीत यायला का-कू करतात त्याचे हेही एक कारण असावे, असा माझा संशय आहे.

यादीने खाटा वाढत नाहीत, हेही खरे. पण खाटा किती कमी आहेत हे यादीवाचून बोलता येत नाही. युरोपीय परिषदेने दर दहा हजार लोकसंख्येमागे एका कुटुंबाची जागा असावी असे प्रमाण सुचवले आहे, आणि ब्रिटनमधल्या स्त्री-संघटना आपल्या सामाईक नोंदीतील आकडे दाखवून त्या प्रमाणाचा जाब सरकारला विचारतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे या मापाने सुमारे ११,२०० कुटुंबांची सोय हवी. विधानसभेत आपल्या प्रतिनिधीने हा आकडा घेऊन उभे राहायचे, तर दुसऱ्या हातात प्रत्येक जिल्ह्याची खरी बेरीज हवी. आणि ती बेरीज बाईचे एकही नाव न घेता मिळते.

शेवटी निवाऱ्याविषयीच एक सावधगिरी. आपण खाटांचा इतका विचार करतो की, घर सोडायचे ते बाईनेच, हे आपणही गृहीत धरू लागतो. कायदा तसे म्हणत नाही. सतराव्या कलमाने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग ते घर कोणाच्याही नावावर असो. आणि एकोणिसाव्या कलमाखाली न्यायदंडाधिकारी मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर जाण्याचा हुकूम देऊ शकतो. म्हणून यादीत निवाऱ्याच्या रकान्याच्या आधी वकिलाचा आणि संरक्षण अधिकाऱ्याचा रकाना हवा. नाहीतर आपली सारी यंत्रणा बाईच्या हद्दपारीची सोय करणारी ठरेल.

सुरुवात लातूर, धाराशिव आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांपासून करावी, असे मी सुचवते. या तीन जिल्ह्यांत एसटीने ये-जा चालू असते आणि तिथे आपले कार्यकर्ते आहेत. येत्या पंधरवड्यात तिन्ही जिल्ह्यांच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे नवव्या कलमाखालच्या यादीची प्रत माहितीच्या अधिकारात मागायची. मिळाली तर तीतला प्रत्येक नंबर फिरवून पाहायचा. दिवसा एकदा, आणि रात्री साडेनऊनंतर एकदा. अर्जाचा मसुदा बाहेर टेबलावर ठेवला आहे; दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप ज्याचा त्याने लावावा.